रंगवायला बोलावलेला माणूस

शाळेच्या आवारात हात धुण्यासाठी सहा नळांची मोरी बांधून झाली होती. टाइल्स बसल्या, पाणी आलं, फोटोही काढून झाले. राहिली होती फक्त मागची भिंत. तिच्यावर हात धुण्याचं चित्र आणि खाली दोन ओळींचा संदेश रंगवायला तालुक्याच्या गावाहून एक चित्रकार बोलावला. एरवी दुकानांच्या पाट्या आणि गणपतीतले देखावे करणारा माणूस. तीन दिवसांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा मला फोन आला. "मॅडम, पहिलीची पोरं नळाला पोचत नाहीत. कठड्यावर पोट टेकवून लोंबकळतात, शर्ट पार भिजतायत. आता चित्रात पोचलेली दाखवू, का आहेत तशी काढू?"

त्या मोरीचा प्रस्ताव मी लिहिला होता. गेली काही वर्षं मी स्वयंसेवी संस्थांना प्रस्ताव आणि अहवाल लिहून देते, त्यावर माझं घर चालतं. या मोरीसाठी रीतसर गरजेची पाहणी झाली होती आणि तिचे तक्ते मीच केले होते. इंजिनिअरने नकाशा काढला, देणगीदारांची माणसं दोनदा येऊन गेली, उद्घाटनाला नारळ फुटला. एवढ्या सगळ्यांना जे दिसलं नाही ते या माणसाला दीड दिवसात दिसलं. तो जमिनीवर उकिडवा बसून भिंतीचा खालचा पट्टा रंगवत होता, त्यामुळे त्याचे डोळे पहिलीतल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर आले होते. आणि पोराचा हात नळापर्यंत जाताना खांदा कसा उचलला जातो हे चित्रात काढायचं, म्हणून तो खऱ्या पोरांचे खांदे बघत होता.

बांधकामाचा हेड, म्हणजे त्या खर्चाचं खातं, तोवर बंद झाला होता. शेवटी शाळेतल्या शिपाईमामांनी उरलेल्या विटा रचून एक पायरी केली. प्रकल्पाच्या अहवालात ती पायरी नाही. अहवाल मीच लिहिला, म्हणून खात्रीने सांगते.

आपण कलाकाराला फार उशिरा बोलावतो, हे माझं म्हणणं आहे. प्रश्न ठरतो, उत्तर ठरतं, पैसे येतात, बांधकाम होतं आणि मग कुणाला तरी आठवण होते की भिंत कोरी आहे. सरकारी योजनांत याला एक हेडच असतो, 'आयईसी', म्हणजे माहिती, शिक्षण आणि संवाद. पथनाट्य त्यात, भिंती रंगवणं त्यात, कलापथक त्यात, फ्लेक्सही त्यातच. कलाकार म्हणजे ठरलेलं म्हणणं लोकांच्या गळी उतरवणारा माणूस, अशी ही समजूत आहे. म्हणणं ठरवताना तो खोलीत नसतो.

कायद्यानेही हीच विभागणी केली आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. कशावर खर्च करता येईल त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. भूक, आरोग्य, पाणी, शिक्षण, उपजीविका यांच्या ओळी वेगळ्या आणि कलेची ओळ वेगळी. कलेच्या ओळीत तिचे शेजारी कोण, तर ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी आणि सार्वजनिक ग्रंथालयं. त्या ओळीवर माझा राग नाही, वास्तू टिकायलाच हव्यात. पण कला म्हणजे जपून ठेवायची वस्तू आणि आरोग्य म्हणजे सोडवायचा प्रश्न, अशी मनाची घडी त्यात पक्की दिसते. आरोग्याचा एखादा अवघड प्रश्न कलेच्या हाताने सुटू शकतो, ही शक्यताच त्या यादीच्या रचनेत नाही.

अशी गोष्ट आपल्याच देशात घडली आहे, आणि तिचं नाव घरोघरी माहीत आहे. जयपूर फूट.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिव्यंगोपचाराचं काम बघत. १९६०च्या दशकातली गोष्ट. पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवले जात, पण ते साहेबी धाटणीचे. त्या काळी सगळीकडे चालणारं पाऊल होतं ते आत ताठ लाकडाचं आणि टाचेला मऊ गादीचं. वर बूट घालायचा हे गृहीत. माणूस खुर्चीवर बसणार, कमोड वापरणार, फरसबंद रस्त्यावरून चालणार, हेही गृहीत. रुग्ण असा पाय घेऊन घरी जायचे आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर फिरताना दिसायचे. यंत्र बिघडलेलं नव्हतं. घरचं आयुष्य त्या यंत्रात बसत नव्हतं.

वाचता वाचता एक करून बघा. उकिडवे बसा. टाच जमिनीला टेकलेली असते आणि नडगी पुढे झुकते, म्हणजे घोटा चांगलाच दुमडतो. आता मांडी घाला. पाऊल कडेवर आडवं पडतं, आतल्या बाजूला वळतं. नांगरलेल्या रानातून अनवाणी चालताना दर पावलाला ढेकूळ वेगळं, आणि पाऊल त्याप्रमाणे डावी-उजवीकडे कलतं. देवळात, स्वयंपाकघरात, भाताच्या खाचरात बूट चालत नाही. ताठ लाकडाच्या पावलाला यातलं काहीच जमत नव्हतं. म्हणजे ज्याला तो पाय दिला, त्याला चालता येत होतं पण जेवायला पंगतीत बसता येत नव्हतं.

रामचंद्र शर्मा याच रुग्णालयात होते. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत, पण हात कारागिराचा. रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी ते तिथे होते. म्हणजे मनोरंजन म्हणा, पुनर्वसन म्हणा, पुन्हा तोच 'आयईसी'सारखा कोपरा. तिथून त्यांनी रुग्णांचं चालणं बघितलं. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. एकदा कामावर येताना सायकल पंक्चर झाली. दुकानात थांबले तर शेजारी ट्रकच्या टायरवर रबर चढवून ते तापवून पक्कं करण्याचं काम चालू होतं. ओझं उचलणारं, चिखलात न कुजणारं, दगडावर न फाटणारं आणि तरी वाकणारं ते रबर बघून मास्टरजींना पाऊल दिसलं. पुढे ते पावलाचा साचा घेऊन त्या दुकानात गेले.

ही सायकलची गोष्ट प्रेरणादायी भाषणांत फार वापरली जाते, आणि तिथेच तिची माती होते. ऐकणाऱ्याला वाटतं की पंक्चर झालं आणि युक्ती सुचली, संपलं. पुढचं कुणी सांगत नाही. नुसत्या रबराचं पाऊल जड झालं आणि हवं तसं वाकेना. मग आत काय भरायचं याच्या खटपटी सुरू झाल्या. शेवटी टाचेला आणि चवड्याला सच्छिद्र हलकं रबर, घोट्याच्या जागी लाकडाचा आखूड ठोकळा, भोवती टायरमध्ये असतो तसला दोरा, वर कातडीच्या रंगाचं रबर, आणि सगळं साच्यात घालून भट्टीत पक्कं केलेलं, असं पाऊल तयार झालं. आतला लाकडाचा लांब कणा गेला. पाऊल वाकू लागलं, कडेवर वळू लागलं, बोटांसकट माणसाच्या पावलासारखं दिसू लागलं. वरचा पायाचा भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, तोही ठोकून आकार देणाऱ्या कारागिरांच्या हातचा. हे सगळं १९६८च्या सुमाराला जमून आलं.

दिसणं ही यात वरवरची बाब नव्हती. मूर्तिकाराला जे कळतं ते इथे औषधाइतकं महत्त्वाचं ठरलं. पाऊल पावलासारखं दिसलं म्हणून ते बुटात लपवावं लागलं नाही, आणि बूट गेला म्हणून माणूस देवळात आणि शेतात गेला. रंग आणि आकार ही शेवटी चढवायची सजावट असती तर हा पाय कधी झालाच नसता.

डॉक्टरांचा वाटा कमी होता असं नाही. हाडावर भार कसा येतो, जखम कुठे चिघळेल, कुठल्या दिशेला किती हालचाल सुरक्षित, हे ज्ञान नसतं तर ते पाऊल एक सुंदर खेळणं राहिलं असतं. रुग्णांनी पाय का टाकले, हा प्रश्न डॉ. सेठींनी स्वतःला विचारला. परदेशात शिकलेल्या सर्जनने चौथी शिकलेल्या कारागिराला बरोबरीने कामाच्या टेबलाशी घेतलं, ते टेबल १९६०च्या दशकातल्या सरकारी रुग्णालयातलं होतं हे लक्षात घ्या. शिवाय त्यांनी पेटंट घेतलं नाही, कुणीही बनवावं म्हणून सोडून दिलं. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाव एकट्या डॉक्टरांचं होतं. मास्टरजींचं नाव जगाला कळायला आणखी बराच काळ गेला. पुरस्कारांच्या अर्जात 'संशोधक' या रकान्यात कारागीर कसा बसवायचा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. असे अर्ज मी भरते.

आता मला अडचणीत आणणारा भाग. १९६८ ते १९७५ या सात वर्षांत किती लोकांना हा पाय बसला? ५९.

एकोणसाठ. आज असा प्रकल्प कुणी माझ्याकडे आणला तर मी त्याचा अहवाल कसा लिहीन याचा विचार करून बघितला. सात वर्षं, नऊ माणसंही वर्षाला नाहीत, दरडोई खर्च काढला तर डोळे पांढरे. दुसऱ्या वर्षीच निधी बंद. आणि तो बंद करणारा माणूस मूर्ख नसता, त्याच्यापाशी चोख कारणं असती.

१९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली, ती देवेंद्रराज मेहता या सनदी अधिकाऱ्याने. १९६९ साली मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. हेच मेहता पुढे १९९५ ते २००२ सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, अध्यक्ष होते, हे शेअर बाजाराच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या मंडळींना आठवत असेल. पाऊल तेच होतं. मेहतांनी बदललं ते रुग्णाचं येणं. पाय गमावलेला माणूस गरीब असतो, लांबून येतो, बरोबर कुणीतरी असतं, आणि आज जा उद्या या म्हटलं की मजुरी बुडते. म्हणून नियम असा की तो कधीही येवो, रात्री येवो, आधी त्याला आत घ्यायचं. राहायला-जेवायला द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत, आणि शक्यतो त्याच खेपेत पाय बसवून पाठवायचं. आज समितीने पाय, कुबड्या, कॅलिपर अशी मदत पोचवलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला आहे.

हे मला चित्रकाराच्या फोनशी जोडलेलं दिसतं. मास्टरजींनी घोट्याकडे बघितलं, मेहतांनी रांगेकडे. मेहतांसारख्यांना सामाजिक उद्योजक म्हणतात, पण हा शब्द मराठीत अजून नीट रुळलेला नाही. 'उद्योजक' म्हटलं की नफा आठवतो आणि 'सामाजिक' म्हटलं की झोळी. पण जो माणूस रुग्णालयाचं दार, त्याची वेळ आणि खिडकीवरचा कागद हेसुद्धा घडवता येण्यासारखं साहित्य मानतो, तो कारागीरच आहे. त्याचं लाकूड म्हणजे नियम. लाकूड आपल्या रेषेनेच फाटतं, पाणी उताराकडेच जातं, आणि मजुरी बुडणारा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. असल्या गोष्टींशी वाद घालून उपयोग नसतो हे कारागिराला लहानपणी कळलेलं असतं. आम्हा प्रस्ताव लिहिणाऱ्यांना ते चाळिशीत कळतं.

या पायाची सगळ्यात कडक परीक्षा एका कलाकारानेच घेतली. मुंबईत वाढलेली नर्तिका सुधा चंद्रन. १९८१च्या बस अपघातानंतर तिचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. जयपूरचा पाय बसवून ती नव्याने चालायला आणि मग नाचायला शिकली, १९८४ साली मुंबईतच पुन्हा रंगमंचावर आली. तिची कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. मला मात्र तिच्यात दुसरंही काही दिसतं. भरतनाट्यममध्ये अनवाणी पावलाचा तळवा जोराने जमिनीवर पडतो, गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसावं लागतं, पाऊल टाचेवर फिरतं. प्रयोगशाळेत बसून कुणी चाचणी आखली असती तर एवढी निर्दय चाचणी सुचली नसती.

इथे कुणीतरी म्हणेल, हा तर जुगाड झाला, आपण भारतीय त्यात पटाईतच. मला हा शब्द चीड आणतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. गळक्या पाइपला चिंधी बांधली, आज भागलं. जयपूरचं पाऊल चिंधी नाही. त्यामागे शरीरशास्त्र आहे, भट्टीचं तापमान आहे, फसलेले साचे आहेत. जुगाडाचं कौतुक करणाऱ्यांना गरिबाने स्वस्तात स्वतःच भागवून घेतलेलं आवडतं, कारण मग त्याला नीट काही द्यावं लागत नाही. विटांची ती पायरी हा जुगाड होता. माझ्या लेखी ती लाजेची गोष्ट आहे, कौतुकाची नाही.

हल्ली दुसरं टोकही बघायला मिळतं. हॉटेलच्या सभागृहात 'डिझाइन थिंकिंग'ची कार्यशाळा असते, रंगीत चिकट कागद भिंतीभर लावतात, संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक गटाकडे एक नावीन्यपूर्ण उपाय तयार असतो. मी अशा तीन केल्या आहेत. चहा चांगला असतो. पण वस्तू हातात नसते, माणूस समोर नसतो, आणि काहीही फसत नाही. जिथे काहीच फसत नाही तिथे काही घडतही नसतं, हे कुठल्याही कुंभाराला विचारा.

वस्तू हातात असणं म्हणजे काय, ते बघायला पुण्यात लांब जावं लागत नाही. अरविंद गुप्ता १९७५ साली आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झाले आणि पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे सरकारी शाळांत हाताने प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम १९७२ पासून सुरू होता, पहिल्यांदा १६ शाळांत. खेड्यात प्रयोगशाळेचं सामान नव्हतं. आठवडी बाजार होता, आणि सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कापून तिचा सांधा करायचा, गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या दोन्हीकडून त्यात खुपसायच्या, की बांधकाम सुरू.

चार काड्यांचा चौकोन करा. एका कोपऱ्याला बोट लावलं की तो कलतो, पतंगासारखा होतो. पाच काड्यांचा पंचकोन आणखी ढिला. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबा, ओढा, आकार सोडत नाही. चौकोनाला एक तिरपी काडी टाकली, म्हणजे त्याचे दोन त्रिकोण केले, की तोही ताठ उभा. मग मूल मान वर करून बघतं, आणि रेल्वेच्या पुलात, विजेच्या टॉवरमध्ये, शाळेच्या पत्र्याखालच्या कैचीत त्रिकोणच त्रिकोण दिसायला लागतात. सामान पाच रुपयांचं. सामान नाही हीच अडचण होती, आणि तिनेच शिकवण्याची पद्धत ठरवली. कवीला वृत्त जसं अडवतं आणि त्या अडवण्यातूनच ओळ सापडते, तसं.

पण हीही गोष्ट गोड शेवटाची नाही. तो होशंगाबादचा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पोचला आणि २००२ साली सरकारी आदेशाने बंद झाला. काड्यांना मेहता मिळाले नाहीत, असं मी मनाशी म्हणते. गुप्ता नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने मुलांसाठी चालवलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले आणि तिथून त्यांची कचऱ्यातली खेळणी इंटरनेटवरून जगभर गेली. ती बघणारे खूप आहेत. ज्या शाळेत ती रोज वापरायला हवीत तिथे विज्ञानाचा तास अजून फळ्यावरच होतो.

पुण्यातलंच दुसरं मुक्तांगण व्यसनमुक्तीचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, त्यामागे पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीचा हात होता. अवचट लाकडात कोरीव काम करत, कागदाच्या घड्यांतून प्राणी उभे करत, बासरी वाजवत. हे त्यांचे 'छंद' म्हणून नोंदवायची पद्धत आहे. मुक्तांगणात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे कार्यकर्ते झाली, नव्या रुग्णाशी बोलायला बसू लागली. ज्याला बाहेरचं जग टाकाऊ म्हणत होतं तेच उपचाराचं साधन झालं. लाकडाची गाठ काढून न टाकता तिच्यातच पक्ष्याचा डोळा बघणारी ही नजर आहे. तिला छंदाच्या रकान्यात टाकणं मला पटत नाही.

कलाकाराला आधी बोलावलं की सगळं सुरळीत होईल, असा माझा दावा नाही. कल्पक माणसं भयंकर चुका करतात आणि त्या दिसायला देखण्या असतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागात 'प्लेपंप' नावाचा प्रकार आला होता. मुलांच्या खेळण्याचं गोल फिरणारं चक्र आणि त्याखाली पाण्याचा पंप. मुलं खेळतील, पाणी टाकीत चढेल, टाकीवर जाहिराती लागतील, त्यातून देखभालीचा खर्च निघेल. ऐकणाऱ्याने टाळी द्यावी अशी कल्पना. २००६ साली अमेरिकेत तिच्यासाठी लाखो डॉलरची मदत जाहीर झाली. प्रत्यक्षात मुलं दमत, कंटाळत, आणि मग बायकांना ते चक्र वाकून हाताने ढकलावं लागे. साध्या हातपंपापेक्षा जास्त कष्ट, शिवाय चारचौघांत खेळण्याभोवती फिरण्याची शरम. बिघडलं तर गावात दुरुस्त होत नव्हतं. काही वर्षांत हा गाजावाजा विरला. कल्पना सुचवणाऱ्याने मुलं खेळताना बघितली होती. पाणी भरायला आलेल्या बाईची कंबर बघितली नव्हती.

म्हणून मी कल्पकतेच्या नावाने वेगळा निधी मागत नाही. 'नावीन्य' नावाचा हेड निघाला की तिथे प्लेपंपच येणार. मागणं आहे ते पाहणीच्या टप्प्याबद्दल. आज पाहणी म्हणजे प्रश्नावली. 'हात धुण्याची सोय आहे का, हो की नाही.' मोबाइलमध्ये भरली, आकडे आले, तक्ता झाला. त्या प्रश्नावलीत उंचीचा प्रश्न नव्हता, कारण ती लिहिणारी मी पाच फूट तीन इंच आहे. प्रश्नावली तेच विचारते जे आपल्याला आधीच ठाऊक असतं. रेखाटन करणारा माणूस तिथे जे आहे ते काढतो, आणि कागदावर उतरलेली वस्तू आपल्याला नको ते प्रश्न विचारते. पाहणीच्या खर्चात चित्रकाराचे, सुताराचे, एखाद्या गवंड्याचे आठ-दहा दिवस धरायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. आणि बांधकामाचा हेड बंद करण्याआधी थोडे पैसे 'वापरून बघितल्यानंतरच्या दुरुस्ती'साठी मागे ठेवले, तर विटा रचाव्या लागणार नाहीत. देणगीदारांना मार्चअखेरचं भय असतं, ते मी रोज बघते. पण एका पायरीचं सिमेंट मार्चला नडत नाही.

शाळेचं काय करायचं हे मात्र मला नीट सुचत नाही. बघायला शिकवणारे तास कमी होत चालले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षक आहे खरा, पण शाळेत मुलं शंभराच्या वर असतील तर, आणि तोही अर्धवेळ. ज्या पटाच्या शाळेत आमची मोरी झाली तिथे तो येणारच नाही. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं उत्साहाने बसतात, त्यात दहावीच्या वाढीव गुणांचा भाग मोठा आहे. ठीक आहे, गुणांसाठी का होईना, पोरगं तासभर एका तांब्याकडे टक लावून बघतं. तांब्याच्या गळ्याची सावली कुठे पडते हे ज्याने बघितलंय, त्याला उद्या नळाची उंचीही दिसेल अशी मला आशा आहे. सिद्ध करून दाखवता येणार नाही. कार्यानुभवाच्या तासाला गणित घेणारे शिक्षक मला याचा पुरावा मागतील, आणि त्यांचंही चूक नाही.

या महिन्यात एका मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा प्रस्ताव माझ्याकडे आहे. धूर, ओल, आणि दीडशे मुलींचं जेवण. पाहणीच्या टप्प्यात मी 'चित्रकार, १० दिवस' अशी ओळ घातली. देणगीदारांकडून विचारणा आली, ही ओळ चुकून इथे आली आहे का, आयईसीमध्ये हलवू का? मी लिहिलं, चुकून आलेली नाही. मग विचारलं, त्यांच्याकडून हाती काय मिळणार? मी लिहिलं, दहा दिवसांची रेखाटनं. त्यावर अजून उत्तर नाही.

तरी त्या मोरीवाल्या चित्रकाराला फोन करून ठेवला. दहा दिवस मोकळे ठेवा म्हटलं.

"भिंत केवढी आहे?"

"भिंत नाहीये. स्वयंपाक चालू असताना तिथे बसायचं आणि काढायचं. बायका कुठे उभ्या राहतात, भांडी कशी उचलतात, सगळं."

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रंग किती आणू?"

"रंग नकोत. वही आणा."

"आणि मजुरी?"

"भिंतीचीच."

"बरं," म्हणाले, "पण पोरींना आधी सांगून ठेवा. बाप्या माणूस चुलीपाशी बसून काय बघतोय, म्हणतील."